रविवार कोणी दिला?

रविवारी सुटी का असते, हा प्रश्न आपल्यापैकी फारसे कोणी विचारीत नाही. सूर्य पूर्वेलाच का उगवतो, असे विचारण्यासारखे ते वाटते. परंतु मुंबईच्या गिरण्यांत १८९० सालापूर्वी रविवार हा हक्काच्या सुटीचा वार नव्हता. तो त्या साली झाला. म्हणजे ही निसर्गाने दिलेली वस्तू नसून माणसांनी घडविलेली आहे. जी वस्तू माणसांनी घडविली तिला इतिहास असतो. आणि जिला इतिहास असतो तिच्याविषयी ही कोणी केली, कोणाच्या विरोधाला न जुमानता केली आणि पुढे कोणी टिकविली, असे प्रश्न विचारता येतात. बदलत्या जगात इतिहास, राजकारण आणि शिक्षण यांचा परस्परांशी संबंध कसा असावा, या मोठ्या विषयाचा विचार आम्ही या एका लहान प्रश्नाच्या आधाराने करणार आहोत.

इतिहासाविषयी दोन मते आमच्या कानावर नेहमी येतात. पहिले मत विद्वानांचे. इतिहास हे शास्त्र आहे, राजकारणाचा वारा त्याला लागू देऊ नये, असे ते म्हणतात. दुसरे मत कामकऱ्यांचे. इतिहासाने पोट भरत नाही, झाले गेले गंगेला मिळाले, आता पुढचे बोला, असे ते म्हणतात. आमचे शालेय शिक्षण सातवीला थांबले. पुढचे सारे नगरवाचनालयात, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात आणि युनियनच्या कचेरीत झाले. त्यामुळे दोन्ही मते ज्यांची आहेत त्या दोन्ही प्रकारच्या माणसांत बसण्याउठण्याचा योग आम्हांला आला. दोन्ही मतांत थोडे सत्य आहे, आणि दोन्ही मते पुरी पडत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. तो अनुभव पुराव्यानिशी मांडावा, एवढाच आमचा हेतू.

प्रथम हकिकत पाहू. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली ती १८७५ साली. त्याच साली मुंबई सरकारने गिरण्यांतील कामाची चौकशी करण्यासाठी एक कमिशन नेमले. एका शहरात सुशिक्षित मंडळी संध्याकाळी व्याख्यान ऐकण्यास जमू लागली. दुसऱ्या शहरात माणसे आणि मुले दिवसाचे किती तास साच्यापाशी उभी असतात याची मोजदाद होऊ लागली. या दोन गोष्टींचा त्या वेळी एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो संबंध जुळावयास पुढे बराच काळ जावा लागला, आणि अजून तो पुरता जुळला आहे असे म्हणवत नाही.

त्या कमिशनाच्या सभासदांत गिरणीमालक बसले होते, आणि कायद्याची गरज नाही असे कमिशनाने बहुमताने सांगितले. तेव्हा कामाची वेळ सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, म्हणजे उन्हाळ्यात ती आपोआप वाढे. सुटीच्या दिवशीही यंत्रांच्या साफसफाईसाठी माणसे बोलावीत. सोराबजी शापुरजी बंगाली नावाच्या एका पारशी गृहस्थाने १८७८ साली कायद्याचा मसुदा तयार केला. अखेर १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांविषयी त्यात एक अक्षर नव्हते.

१८८४ साली मुंबई सरकारने पुन्हा एक कमिशन बसविले. त्या वेळी ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. सप्टेंबर महिन्यात त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कमिशनापुढे ठेवला. मागण्या साध्या होत्या : दर रविवारी सुटी असावी, दुपारी अर्धा तास विसावा असावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, आणि कामावर अपघात झाला तर माणूस वाऱ्यावर सोडू नये. १८९० च्या २४ एप्रिलला दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि त्या सभेत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी देण्याचे ठरविले. पुढे १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी आणि दुपारचा विसावा या गोष्टी कायद्यात आणल्या, आणि स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली.

आता प्रश्न असा : रविवार कोणी दिला? एकजण म्हणेल, सरकारने. कारण कायदा सरकारचा. दुसरा म्हणेल, मालकांनी. कारण कायद्याच्या आधी ठराव त्यांनी केला. तिसरा म्हणेल, लोखंड्यांनी. कारण सहा वर्षे मागणी त्यांनी लावून धरली. आणि चौथे उत्तर असे आहे, की रविवार लँकेशायरने दिला. हे उत्तर ऐकून श्रोते हसतील. परंतु त्या काळच्या बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांचे मत जवळजवळ तेच होते. मुंबईच्या गिरण्या मँचेस्टरच्या कापडाशी स्पर्धा करू लागल्या होत्या. मुंबईत काम जास्त तास चालते, म्हणून माल स्वस्त पडतो, अशी तिकडच्या व्यापाऱ्यांची तक्रार होती, आणि हिंदुस्थानात फॅक्टरी कायदा व्हावा यासाठी त्यांनी पार्लमेंटात रेटा लावला होता. तेव्हा हा कायदा म्हणजे कामगारांचा कळवळा नसून देशी धंद्याचा गळा आवळण्याचा डाव आहे, अशी टीका आमच्या देशभक्तांनी केली. बिपन चंद्र यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या आर्थिक राष्ट्रवादावरील ग्रंथात ही बाजू विस्ताराने दिली आहे.

येथे विद्वानांच्या पद्धतीचा उपयोग दिसून येतो. लँकेशायरचा हेतू स्वार्थी होता, हे खरे. परंतु हेतू स्वार्थी म्हणून विधान खोटे ठरत नाही. मँचेस्टरचा व्यापारी जेव्हा म्हणाला, की मुंबईत सात-आठ वर्षांचे पोर दिवसभर साच्यापाशी उभे असते, तेव्हा तो आपल्या फायद्यासाठी बोलत होता आणि खरेही बोलत होता. उलट, देशी धंदा वाचला पाहिजे असे म्हणणारा संपादक निःस्वार्थी होता. परंतु त्या पोराच्या पायांविषयी तो गप्प होता. साक्षीदार कोण आहे हे पाहावेच. पण साक्ष काय आहे हे वेगळे तपासावे. कोर्टात जो नियम तोच इतिहासात. आमच्या राजकारणाची मोठी उणीव ही, की समोरच्याचा हेतू उघडा पाडला की आपण जिंकलो असे आम्ही मानतो, आणि पोर साच्यापाशी उभेच राहते.

लोखंड्यांनी या पेचात जी वाट काढली तिच्याकडे म्हणूनच लक्ष गेले पाहिजे. लँकेशायरचा डाव आहे म्हणून मागणी सोडणे त्यांनी पतकरले नाही. मागणी कामगारांच्या तोंडून, कामगारांच्या सहीने पुढे आली म्हणजे ती लँकेशायरची राहत नाही, हे त्यांनी ओळखले. साडेपाच हजार सह्यांचा अर्थ हाच. आम्हीही कागदावर सह्या घेत गल्लोगल्ली हिंडलो आहोत. सही करताना माणसाचा हात कसा अडखळतो, घरी विचारून सांगतो म्हणून तो कसा निसटतो, मुकादमाला कळले तर काय, ही भीती त्याच्या डोळ्यांत कशी दिसते, हे आम्हांला ठाऊक आहे. ज्या काळी संघटना करण्याला कायद्याचे कसलेही संरक्षण नव्हते त्या काळी हा आकडा गोळा झाला. ट्रेड युनियनचा कायदा व्हावयास १९२६ साल उजाडावे लागले.

लोखंड्यांविषयी विद्वानांत एक जुना वाद आहे, तोही येथे सांगितला पाहिजे. त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला देशातील पहिली कामगार संघटना म्हणण्याची प्रथा आहे. परंतु १८९२ सालच्या सरकारी फॅक्टरी अहवालात स्पष्ट म्हटले आहे, की या संघटनेला सभासदांची नोंदवही नाही, फंड नाही, नियम नाहीत. कोणी गिरणीकामगार आला तर लोखंडे त्याला सल्ला देतात, एवढेच. यावरून काही अभ्यासक म्हणतात, की ही युनियन नव्हेच. ते एका परोपकारी गृहस्थाचे समाजकार्य होते. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते, पुढे पत्रकार झाले. साच्यावर उभे राहणारे कामगार ते नव्हते, ही गोष्टही हे अभ्यासक पुढे करतात.

आमच्या मते या वादात अभ्यासकांनी नोंदीचे वाचन बरोबर केले, आणि अर्थ मात्र अपुरा लावला. नोंदवही, फंड आणि नियम असल्यावाचून युनियन नोंदली जात नाही, हे आम्ही रोज पाहतो. परंतु नोंदवहीच्या आधी काय असते, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारावे. आधी एक ओटा असतो आणि ओट्यावर एक माणूस असतो. कामावरून काढलेला कोणी तरी त्याच्याकडे कागद घेऊन येतो आणि विचारतो, ‘दादा, हे काय लिहिलंय?’ दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघांना आणतो. जगातल्या कितीतरी युनियनांचा प्रारंभ असाच झाला असेल. ज्या ओळीला इन्स्पेक्टरसाहेबांनी ‘एवढेच’ म्हणून बाजूला सारले, त्या ओळीत आम्हांला संघटनेचे बी दिसते. अर्थात बी म्हणजे झाड नव्हे. आणि ‘पहिली युनियन’ हे बिरूद आम्ही सभेत ठणकावून सांगतो तेव्हा ही मर्यादाही सांगितली पाहिजे. तसे केल्याने लोखंडे लहान होत नाहीत. नोंदवही नसताना, फंड नसताना त्यांनी रविवार मिळविला, ही गोष्ट उलट अधिकच मोठी ठरते.

यावरून एक तत्त्व निघते. इतिहासातले प्रश्न आपल्या आजच्या आयुष्यातून येतात. उत्तरे मात्र पुराव्यातून आली पाहिजेत. महाराष्ट्राला हे नवे नाही. शिवछत्रपतींवर फुल्यांनी १८६९ साली पोवाडा रचला आणि त्यांत शेतकऱ्यांचा राजा पाहिला. रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि त्यांत संतांच्या शिकवणुकीने एकवटलेले राष्ट्र पाहिले. प्रत्येकाने आपल्या काळाची तहान घेऊन त्याच विहिरीत पोहरा सोडला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, आणि आधी कागद गोळा करा, मग बोला, असा दंडक घातला. गावोगाव हिंडून, दप्तरे उलगडून, प्रसंगी उपाशी राहून त्यांनी हे काम केले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते याच ध्यासातून. राजवाड्यांची कित्येक मते आज टिकत नाहीत. त्यांनी जमविलेले कागद मात्र त्यांच्याशी भांडणाऱ्यालाही उपयोगी पडतात. प्रामाणिक विद्वत्तेची खूण हीच, की ती विरोधकाच्याही हातात शस्त्र देते.

पण राजवाड्यांच्या या दंडकात कामकऱ्याची एक अडचण आहे. ज्यांच्या घरी दप्तर होते त्यांचा इतिहास सापडतो; ज्यांच्या घरी दप्तरच नव्हते त्यांचे काय? दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांनी बखरी लिहिल्या नाहीत. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते मालकसंघाच्या अहवालांत, पोलिसांच्या फायलींत आणि कमिशनांच्या साक्षींत. मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ साली मुंबईच्या गिरणीकामगारांवर ग्रंथ लिहिला. खेड्यातून येणारा माणूस यंत्राला नालायक, बेशिस्त, शहरात न टिकणारा, असा जो समज रूढ होता तो त्याने आकडेवारीने पुष्कळसा मोडून काढला. केंब्रिजला इतिहास शिकविणारे राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात गिरणीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकले. चाळ, खानावळ, तालीम, वाणी आणि सावकार यांच्याशिवाय कामगाराचे जगणे कळत नाही, आणि जॉबरची सत्ता ही खात्याइतकीच वस्तीवरही उभी असते, हे त्यांनी दाखविले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली गिरणगावातल्या माणसांच्याच तोंडच्या हकिकती ग्रंथरूपाने दिल्या. कागद तेच राहतात, पण विचारणारा बदलला की इतिहास बदलतो; आणि विचारणारा थेट माणसांपाशी गेला की नवे कागदच निर्माण होतात.

मात्र या नव्या इतिहासाने केवळ आमची पाठ थोपटावी, अशी अपेक्षा धरणे चूक आहे. गिरण्यांतील साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी चांगली असे. त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरकाव नव्हता. त्याचे कारण असे सांगत, की धोट्यातली कांडी संपली की नवा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागतो. मग एकाचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याने कसा तोंडी लावावा? म्हणून हे कामगार बहुतेक त्रासनखात्यात आणि इतर कमी मजुरीच्या कामांत राहिले. ही बंदी मालकाने घातलेली नव्हती. ती खात्यातल्या कामगारांनीच पाळली आणि मालकाने चालू दिली. १९२८ साली मुंबईत सहा महिने संप चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते, गिरणी कामगार युनियन त्याच संपात जन्मली. त्या संपाचे पोवाडे आम्ही गातो. पण त्याच संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा धोट्याचा प्रश्न उघडपणे मांडला आणि एकजुटीची भाषा करणाऱ्यांना आरसा दाखविला, हे सांगावयास आमच्यातले वक्ते पुष्कळ दिवस विसरत होते. जो इतिहास आपल्या बाजूला फक्त शूर दाखवितो तो इतिहास नसून जाहिरात असते. जाहिरातीने सभा गाजते. पण ज्याला साचेखात्यातून बाहेर ठेवले त्याचा नातू त्या सभेला येत नाही.

आता शिक्षणाचा प्रश्न. कामकऱ्याने हा इतिहास कोणाकडून शिकावा? विद्यापीठाकडून शिकला तर तो बाबू होऊन आपल्या माणसांना विसरेल. पक्षाकडून शिकला तर पोपट होईल. हा वाद इंग्लंडात फार जोराने झाला. ऑक्सफर्डमध्ये कामगारांसाठी रस्किन कॉलेज १८९९ साली निघाले. त्याच्या संस्थापकांत चार्ल्स बिअर्ड हा तरुण अमेरिकन होता, जो पुढे आपल्या देशातला नामांकित इतिहासकार झाला. १९०९ साली तेथल्या विद्यार्थ्यांनी, म्हणजे खाणकामगार आणि रेल्वेकामगार यांनी, वर्गांवर बहिष्कार घातला. प्रिन्सिपॉल डेनिस हर्ड यांना काढल्याचे निमित्त होते. मूळ भांडण असे, की आम्हांला शिकवावयाचे अर्थशास्त्र आणि इतिहास विद्यापीठाने ठरवावयाचा की आम्ही. त्यांनी स्वतःचे सेंट्रल लेबर कॉलेज काढले. खाणकामगारांच्या आणि रेल्वेच्या युनियनांनी ते १९२९ पर्यंत पोसले. पुढे इंग्लंडचा आरोग्यमंत्री होऊन १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू करणारा अन्यूरिन बेव्हन याच कॉलेजात शिकला.

दुसरी वाट आर. एच. टॉनी याने दाखविली. हा ऑक्सफर्डचा पदवीधर. १९०८ पासून तो रॉचडेल आणि लाँगटन या गावी जाऊन कामगारांचे वर्ग घेऊ लागला. रॉचडेल हे लँकेशायरातले कापडगिरण्यांचे गाव. ज्या लँकेशायरच्या व्यापाऱ्यांनी मुंबईवर कायदा लादण्याचा आग्रह धरला, त्यांच्याच गिरण्यांत राबणारी माणसे संध्याकाळी इतिहासाच्या वर्गाला बसत होती, ही गोष्ट आमच्या त्या वेळच्या वृत्तपत्रांना कळली असती तर ‘लँकेशायर’ हा शब्द त्यांनी एवढ्या सरसकट वापरला नसता. टॉनीने १९१२ साली सोळाव्या शतकातल्या शेतकऱ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि विणकर, कुंभार, खाणकामगार अशा आपल्या विद्यार्थ्यांनी वर्गात घेतलेल्या हरकतींपासून आपण शिकलो, असे प्रस्तावनेत कृतज्ञतेने नमूद केले. ई. पी. टॉम्प्सन यानेही इंग्लिश कामगारवर्गाच्या घडणीवरचा आपला १९६३ चा ग्रंथ यॉर्कशायरात प्रौढांचे वर्ग घेत घेत लिहिला. म्हणजे विद्वान शिकवावयास गेला आणि शिकून आला. आमच्याकडे ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ नंतर मुंबईत रात्रशाळा आणि वाचनालये चालविली; स्वातंत्र्यानंतर १९५८ साली कामगार शिक्षणाचे मध्यवर्ती मंडळ नागपुरास स्थापन झाले. या प्रयत्नांचे मोल आम्ही जाणतो. परंतु वर्गात कामगाराने हरकत घ्यावी आणि त्या हरकतीने पुस्तक बदलावे, ही रीत अजून आमच्याकडे रुजलेली नाही.

हरकतीचे मोल काय, हे आम्ही आमच्याच अभ्यासवर्गात पाहिले. महिन्यातून एकदा संध्याकाळी युनियनच्या कचेरीत आम्ही हा वर्ग घेतो. एकदा लोखंड्यांची आणि रविवारच्या सुटीची ही सारी हकिकत आम्ही रंगवून सांगितली. मंडळी खूष झाली. मागे एक पोरसवदा सिक्युरिटी गार्ड बसला होता. ठेकेदाराकडे बारा तासांच्या पाळीवर, आठवड्याचे सातही दिवस. तो उठून म्हणाला, ‘दादा, १८९० ला मिळालेला रविवार मग माझ्यापर्यंत आला का नाही? मधल्या मधे कुणी घेतला?’ वर्ग एकदम शांत झाला. रविवार कोणी दिला, हा प्रश्न आम्ही घेऊन गेलो होतो; त्याने तो उलटा करून आमच्या हातात दिला. असा प्रश्न विद्यापीठातल्या प्रबंधाला शोभेल असा आहे. आणि ज्याचा रविवार गेला त्यालाच तो सुचला.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही पुढील वर्गात कामाच्या तासांचा तक्ता फळ्यावर मांडला. विजेचे दिवे गिरण्यांत आल्यावर सूर्यास्ताचा बांध फुटला, तास वाढले, आणि १९०५ साली मुंबईत त्यावरून असंतोष पेटला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा प्रथमच आली. १९२२ साली दिवसाला ११ आणि आठवड्याला ६०. १९३४ साली १० आणि ५४. १९४६ साली ९ आणि ४८. आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात तेच कायम झाले. फळ्यावर उतरती पायरी दिसली. मग सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली, हेही आम्ही लिहिले. १९११ चा आकडा पुन्हा फळ्यावर आला, तेव्हा वर्गात कुजबुज सुरू झाली.

येथे भाषणबाजी करणे सोपे होते. एकशेचौदा वर्षे मागे गेलो, एवढे म्हटले की टाळी हमखास. पण वर्गाला आम्ही सांगितले, की बारा आणि बारा सारखे दिसले तरी एक नाहीत. १९११ साली आठवड्याची वरची मर्यादा त्या बारा तासांना नव्हती. २०२५ च्या दुरुस्तीत आठवड्याचे ४८ तास ठेवले आहेत आणि जादा कामाला जादा मजुरी सांगितली आहे. तेव्हा ‘हे तर १९११’ असे म्हणणे खोटे आहे. खरा प्रश्न निराळा आहे : तास मोजणार कोण? १८८१ पासूनचा सगळा इतिहास सांगतो, की कलम लिहिले म्हणजे ते लागू झाले असे नव्हे. इन्स्पेक्टर किती, हजेरीपट कोणाच्या हातात, आणि तक्रार केली तर नोकरी राहते की नाही, यांवर कलमाचा जीव अवलंबून असतो. संसदेने २०१९ आणि २०२० साली २९ कामगार कायदे गोळा करून चार संहिता केल्या, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. त्यांतले प्रत्येक कलम कोणत्या जुन्या कायद्यातून आले, काय गळले, काय नवे आले, हे ज्याला सांगता येईल तोच त्यांच्या बाजूने किंवा विरुद्ध धड बोलू शकेल. त्या गार्डाचा रविवार कोणी चोरून नेला नव्हता. कागदावर तो सुरक्षित होता. ठेकेदाराच्या हजेरीपटात तो कधी चढलाच नव्हता, एवढेच.

आता श्रोत्यांपाशी एक मागणे आहे. मुंबईच्या गिरण्या गेल्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि त्याच्या यशापयशाचा वाद अजून मिटलेला नाही. तो वाद पुराव्याने चालावयाचा तर पुरावा टिकला पाहिजे. आमच्या डोळ्यांदेखत एका जुन्या युनियनची कचेरी रिकामी झाली, आणि तीस वर्षांची इतिवृत्ते, आरोपपत्रे, पगारपत्रके आणि हस्तपत्रके किलोच्या भावाने रद्दीत गेली. राजवाडे वाण्याच्या दुकानातून पुड्यांचे कागद सोडवून आणीत, असे सांगतात. आमच्या घरांतल्या ट्रंकांत बदली कार्डे, ग्रॅच्युइटीचे हिशेब, संपातल्या धान्यवाटपाच्या याद्या पडून आहेत. त्या फेकू नका. गावच्या वाचनालयाने एक कपाट त्यांच्यासाठी मोकळे करावे. कॉलेजच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना वर्षातून दोन निवृत्त कामगारांच्या घरी पाठवावे, आणि ते सांगतील ते तारखेनिशी लिहून घ्यावे.

आज घरोघरी पार्सले पोचविणाऱ्या मुलांची हजेरी कोणत्याही पटावर नसते. ती मोबाइलमधल्या ॲपमध्ये असते, आणि ते ॲप कंपनीच्या हातात असते. पन्नास वर्षांनी त्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला लोखंड्यांच्या साडेपाच हजार सह्यांएवढाही कागद सापडेल की नाही, याची आम्हांला चिंता वाटते. त्या मुलांनी आपले तास आपल्या वहीत रोज लिहून ठेवावेत, असे आम्ही त्यांना सांगत असतो. त्याचा आजचा उपयोग लेबर कोर्टात होईल. उद्याचा उपयोग इतिहासकाराला होईल. विद्वानाने त्या वहीला पुरावा मानावे आणि कामकऱ्याने ती खरी ठेवावी. एवढे झाले तर रविवार कोणी दिला आणि कोणी ठेवून घेतला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देता येतील.